घरी इअरबडने कान तपासले, तीन वेळा तीन आकडे आले: खरा कोणता?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील ६७ वर्षांचे, भोसरीच्या एका प्रेस शॉपमधून, म्हणजे मोठ्या यंत्रांनी पत्रे दाबून भाग घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. टीव्हीचा आवाज दिवसेंदिवस वाढतोय, मागून हाक मारली तर पोचत नाही, आणि कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की ‘मला सगळं ऐकू येतं’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून ताईंनी स्वतःचे वायरलेस इअरबड त्यांच्या कानांत घातले आणि फोनवरच्या मोफत अ‍ॅपवर तपासणी केली. रात्री बेडरूममध्ये पंखा चालू असताना उजवा कान २८ डेसिबल आणि डावा ४१ आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये ३५ आणि ५२. रविवारी पहाटे साडेपाचला पंखा बंद करून २४ आणि ३८. यातला कोणता आकडा धरायचा, आणि तो धरून ऑनलाइन कानाचं मशीन मागवलं तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते. मशीनबद्दलचं उत्तर आधी देते: इतक्यात मागवू नका, का ते पुढे येईलच. पण ताई, तुम्ही तपासणी एकदा करून थांबला नाहीत, तीनदा केलीत, आणि प्रत्येक वेळी खोली कोणती, वेळ कोणती, पंखा चालू होता की बंद हे टिपून ठेवलंत, हे फार मोलाचं केलंत. माझ्याकडे लोक फोनवरचा एक आकडा घेऊन येतात आणि बाकी काहीच आठवत नसतं. तुमच्या सहा आकड्यांतून मला बरंच काही दिसतंय.

आधी खोलीबद्दल. आमच्याकडे कान तपासायचे तर रुग्णाला ध्वनिरोधक खोलीत बसवतात. जाड भिंती, जाड दार, आत पंखा नाही. तुम्हाला ऐकू येईल असा सर्वांत बारीक आवाज कोणता, हे शोधायचं असतं, आणि बारीक आवाज शोधताना आजूबाजूला मोठा आवाज असून चालत नाही. पंख्याची घरघर, फ्रिजचा गुंजारव, रस्त्यावरच्या बसचं इंजिन हे सगळे खालच्या पट्टीतले, जाड आवाज. २५० आणि ५०० हर्ट्झचे सूर (हर्ट्झ हे सुराच्या पट्टीचं माप, आकडा लहान तितकी पट्टी खालची) त्यांच्याखाली झाकले जातात. कान चांगला असला तरी सूर कळत नाही, आणि अ‍ॅप तो दोष कानाच्या नावावर लिहितं. म्हणजे घरच्या तपासणीत कानाबरोबर खोलीही तपासली जाते. तुमचा पहाटेचा निकाल सगळ्यांत चांगला, म्हणजे आकडा सगळ्यांत लहान आला, कारण खोली सगळ्यांत शांत होती. वेगवेगळ्या वेळी वेगळे आकडे आले तर साधारणपणे चांगल्या आकड्याजवळ सत्य असतं. खोलीतल्या आवाजाने कान वाईट दिसू शकतो, आहे त्याहून चांगला दिसण्याची कारणं फार थोडी. तीही सांगेन.

तेव्हा आकडाच हवा असेल तर २४ आणि ३८ धरा. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दोन कानांमधलं अंतर. पहिल्या वेळी १३, दुसऱ्या वेळी १७, तिसऱ्या वेळी १४. खोली बदलली, वेळ बदलली, दोन्ही आकडे वरखाली झाले, अंतर मात्र जवळपास तेवढंच राहिलं. तपासणी पुन्हा केली की ५ डेसिबलचा फरक आमच्या खोलीतही गृहीत धरतात. त्यामुळे तीन निकालांतलं अंतर एकच आहे असं मी मानेन. पंखा काही फक्त डाव्या कानाला त्रास देत नाही. डावा कान उजव्यापेक्षा कमी ऐकतो, तीनही वेळा तेच दिसतं, हा तुमच्या तपासणीतला सगळ्यांत भरवशाचा निकाल आहे, आणि अ‍ॅपने तो ठळकपणे दाखवलेलासुद्धा नसेल.

तो कानाचाच निकाल आहे ना, इअरबडचा नाही ना, हे मात्र आधी बघा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या आवाजाच्या समतोलाची एक पट्टी असते. तिचा ठिपका अगदी मधोमध हवा. कधीतरी बोट लागून तो सरकतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. नंतर इअरबडची जाळी उजेडात धरून बघा. कानातला मळ तिथे बसतो आणि त्या बाजूचा आवाज दबतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी खाली धरून झाडा, पाणी लावू नका. त्यानंतर डावा इअरबड उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून एकदा तपासणी करा. आकार उलटा असल्यामुळे नीट बसणार नाहीत, हाताने हलकेच धरावे लागतील, चालेल. आता अ‍ॅप ज्याला ‘उजवा’ म्हणतंय तो खरा डावा कान आहे. कमीपणा इअरबडबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष इअरबडचा. तो बाबांच्या डाव्या कानातच राहिला, तर दोष कानाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ही अदलाबदल केल्याशिवाय कुणी मला ‘एक कान कमी ऐकतो’ म्हणालं तर मी लगेच मान डोलावत नाही.

इअरबडच्या आणखी काही खोडी सांगते, कारण वायरलेस प्रकारात त्या जास्त सापडतात. स्वस्तातल्या काही इअरबडमध्ये आवाज नसला की आतला अ‍ॅम्प्लिफायर झोपतो आणि सूर यायच्या क्षणी जागा होतो. जागा होताना अगदी पुसट ‘सूं’ येतो. तपासणी देणारा त्या ‘सूं’वर बटण दाबतो, सूर कळलेलाच नसतो, आणि कान आहे त्याहून चांगला दिसतो. काहींमध्ये उलट होतं: जागं होण्यात आखूड सुराचा पहिला भाग गिळला जातो. ‘बास’ वाढवणारी किंवा सिनेमासारखा आवाज करणारी सोय चालू असेल तर कुठल्या पट्टीत किती आवाज पोचतोय याचा हिशेबच बिघडतो, ती बंद करा. बाहेरचा आवाज आत सोडणारा मोडही बंद. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारी सोय, ठेवायची की नाही हे अ‍ॅप सांगत असेल तसं करा, आणि सांगत नसेल तर निदान दर वेळी एकसारखं ठेवा.

सिलिकॉनच्या टोप्यांकडे फारसं कुणी बघत नाही. टोपी कानात सैल बसली की खालच्या पट्टीचा आवाज फटीतून बाहेर निघून जातो. बाबांच्या कानाला तुमच्या मापाची टोपी बसेलच असं नाही, डबीतल्या दुसऱ्या मापाच्या लावून बघा. घट्ट बसल्याची खूण म्हणजे स्वतःचं बोलणं स्वतःला घुमल्यासारखं वाटतं. दुसऱ्या तपासणीत डावा ५२ वर गेला त्यात संध्याकाळच्या रस्त्याबरोबर सैल टोपीचाही वाटा असावा, असा माझा अंदाज आहे.

आता ‘डेसिबल’ या शब्दामागे काय आहे ते. तपासणीतलं ० डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरी जो सर्वांत बारीक सूर कळतो, त्याला आम्ही ० धरतो. आमचं यंत्र आणि त्याचे हेडफोन या शून्याशी जुळवून घेतलेले असतात आणि दरवर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागतात. मोफत अ‍ॅपला तुमच्या कानातले इअरबड कोणत्या कंपनीचे आहेत, ते किती जोराने वाजतात, हे ठाऊक नसतं. त्याने एक अंदाज धरलेला असतो. म्हणून अशा अ‍ॅपच्या आकड्यात १० डेसिबलची खोट सहज असू शकते, पण ती दोन्ही कानांना सारखीच लागू होते. अंतरावर मी जास्त विसंबते ते यासाठीही. ज्या कंपनीने फोन, इअरबड आणि तपासणी तिन्ही स्वतः बनवलंय तिथे ही अडचण बरीच कमी होते. अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ मध्ये अशी सुमारे पाच मिनिटांची तपासणी आहे. ती आधी टोपी नीट बसली का आणि खोली शांत आहे का ते बघते, मध्येच आवाज झाला तर थांबते, आणि ती १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे. त्याच इअरबडना सौम्य ते मध्यम कमीपणासाठी ऐकण्याचं साधन म्हणून वापरण्याच्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय साधनांच्या नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मला हे पाऊल मनापासून चांगलं वाटतं. पण तिथेही कमीपणा का आला हे कळत नाही.

‘सौम्य’, ‘मध्यम’ या शब्दांनी ताईंची झोप उडालेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मोजपट्टीत ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी २० च्या आत असेल तर ऐकणं सामान्य, २० ते ३४ सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, ५० ते ६४ मध्यम-तीव्र. पण जुन्या मोजपट्टीत २५ पर्यंत सामान्य धरत, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही तसंच लिहितात. म्हणजे बाबांचा उजवा कान २४ एका कागदावर ‘सामान्य’ आणि दुसऱ्यावर ‘सौम्य’ असू शकतो, कान तोच. त्या शब्दाशी भांडत बसू नका. अ‍ॅपने आलेख दिला असेल तर तो बघा. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात, आणि रेघ जितकी खाली जाते तितकं ऐकणं कमी.

त्या आलेखात बाबांच्या बाबतीत मी काय शोधेन? ३० वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेल्या माणसाची रेघ २००० पर्यंत बरी चालते, ३००० ते ६००० च्या दरम्यान, बहुतेकदा ४००० वर, खड्ड्यात पडते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. भोसरी, चिंचवड, चाकणच्या कामगारांचे इतके आलेख मी काढलेत की तो खड्डा दिसला की मी कामाचं ठिकाण विचारते. वय वाढलं की ८००० चा भागही खाली येतो आणि खड्ड्याचा उतार होतो. बाबांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांत, मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा होता. तरी निवृत्तीच्या दिवसापर्यंत ज्यांचे कान एकदाही तपासले गेले नाहीत अशी माणसं मला आजही भेटतात, आणि त्याचं वाईट वाटतं.

पण कारखान्याचा आवाज आणि वय, ही दोन्ही कारणं दोन्ही कानांना साधारण सारखंच लागू होतात. डावा कान १४ डेसिबलने मागे आहे त्याचं उत्तर या दोन्हींत मिळत नाही. तिथे तिसरं काहीतरी आहे. ते साधा मळ असेल, पडद्यामागे साठलेलं पाणी असेल, लहानपणी फुटलेल्या कानाचं पडद्याला राहिलेलं भोक असेल, किंवा नसेचं काही असेल. एका बाजूच्या नसेवर वाढलेली गाठही क्वचित अशीच, हळूहळू, न दुखता दिसते. ती बहुतेकदा कर्करोगाची नसते, पण वेळेत सापडलेली बरी. म्हणून दोन कानांत १५ च्या आसपास फरक असला की आम्ही कारण सापडेपर्यंत सोडत नाही. मशीन मागवू नका म्हटलं ते याचसाठी. मळाचा बोळा बसलेल्या कानात मशीन घातलं तर बाबांना ते आठवड्यात नकोसं होईल, आणि पुढे खरंच गरज पडली तरी ते हात लावणार नाहीत. शिवाय ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त यंत्रं सगळ्या पट्ट्या सरसकट वाढवतात. बाबांना खालच्या पट्टीत मदत नकोच असेल कदाचित.

घरी एक प्रयोग करता येतो. तुम्ही स्वतः उजव्या कानात बोट घालून तोंड मिटून ‘हूं’ असा लांब सूर काढा. तो बंद केलेल्या, उजव्या कानात मोठा घुमेल. कान बाहेरून किंवा मधून बंद झाला की हाडातून येणारा स्वतःचा आवाज तिथे जास्त जाणवतो. आता बाबांना कानात बोट न घालता तसाच ‘हूं’ करायला सांगा आणि आवाज कुठे जास्त वाटतो ते विचारा. डाव्या, म्हणजे कमी ऐकणाऱ्या कानात वाटला, तर मळ किंवा पाणी असण्याची शक्यता जास्त. उजव्या, चांगल्या कानात वाटला, तर डाव्या बाजूच्या नसेकडे बघायला हवं. डोक्याच्या मधोमध वाटला, तर यातून काही ठरवू नका. हा निकाल पक्का नसतो, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी चांगली माहिती असते.

हाच प्रयोग एका वेगळ्या प्रसंगी फार कामाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबते. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा दोन-तीन दिवसांत कान बसत गेला, तर लोक म्हणतात दडा बसलाय, सर्दी असेल, एसीचा वारा लागला असेल. मग कोमट तेल, वाफ, जांभया, आठवडा जातो. त्यातले काही खरंच दडेच असतात. पण काही जणांची आतली नस ७२ तासांच्या आत झपाट्याने खालावलेली असते, आणि तिच्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच आशा चांगली असते. दोन आठवडे उलटले की आमच्या हातात फार थोडं उरतं. अचानक बसलेल्या कानात ‘हूं’ चांगल्या बाजूला गेला, किंवा बरोबर चक्कर आणि कानात शिट्टी सुरू झाली, तर इअरबड शोधत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. बीपी-शुगर असेल तर तेही सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. तिसऱ्या आठवड्यात आलेला रुग्ण ‘आधी फोनवर तपासलं होतं, मध्यम दाखवलं, म्हणून थांबलो’ असं सांगतो, तेव्हा मला फार हळहळ वाटते.

फोनच्या तपासणीत कान आहे त्याहून चांगला दिसू शकतो असं मघाशी म्हटलं, त्याचं मोठं कारण कवटी आहे. वाड्यातल्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत असली की एका खोलीतलं जोरात बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. तसंच डाव्या कानात जोराचा सूर सोडला की तो हाडातून उजव्या कानापर्यंत पोचतो आणि माणूस ‘आला’ म्हणून बटण दाबतो. डावा कान पूर्ण बंद असला तरी अ‍ॅपवर ६०-७० दिसू शकतं. आम्ही चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतो आणि मग वाईट कान तपासतो. त्याला मास्किंग म्हणतात. घरच्या अ‍ॅपना ते सहसा जमत नाही. बाबांच्या १४ च्या फरकात ही अडचण येत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या निकालात दोन कानांत मोठी दरी असेल तर वाईट कान दिसतो त्याहून वाईट असण्याची शक्यता मनात ठेवा.

आता त्या वाक्याकडे येते, ‘मला सगळं ऐकू येतं’. बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना ऐकू येतं, उमगत नाही. आपल्या बोलण्यातले स्वर, आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत आणि जोरदार असतात. स, श, फ, ख, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि नाजूक असतात. ‘स’ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते, बरोबर जिथे प्रेस शॉपने खड्डा पाडलाय तिथे. ‘स’ गळला की ‘साठ’चा ‘आठ’ होतो, ‘सात’चा ‘आत’ होतो, ‘सून’चं ‘ऊन’ होतं. भाजीवाली साठ रुपये म्हणते आणि बाबा दहाची नोट पुढे करतात. मराठीत तर क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ माणूस बदलतो. नातू विचारतो, ‘आबा, तू येतोस?’ आणि आबांच्या कानावर ‘येतो’ एवढंच पडतं. त्यांना वाटतं कुणीतरी येणार आहे, ते म्हणतात, ‘येऊ दे.’ घरात सगळे हसतात, आणि आबा पुढच्या वेळी गप्प बसायला लागतात. ते गप्प बसणं मला आकड्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

म्हणून बीपवाल्या तपासणीबरोबर बोलण्याची एक तपासणीही करा. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ नावाचं अ‍ॅप आहे, मार्च २०१९ मध्ये आलेलं. त्यात खरखरीच्या आड तीन-तीन आकडे ऐकवतात आणि ऐकलेले आकडे दाबायचे असतात. गोंगाटात बोलणं किती समजतं ते त्यातून कळतं, आणि आवाज किती जोराचा आहे यावर ते कमी अवलंबून असल्यामुळे इअरबड कोणते हा प्रश्न मागे पडतो. बाबांना त्यातली भाषा अडत असेल तर आपली जुनी पद्धत वापरा. त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. ज्या कानाची तपासणी नाही त्याच्या भोकापुढचा छोटा कुरकुरीत उंचवटा त्यांनी स्वतः बोटाने दाबून हलकेच चोळत राहायचा. तुम्ही श्वास पूर्ण सोडून, उरलेल्या हवेत कुजबुजत तीन गोष्टी म्हणा, आकडा-अक्षर-आकडा: ‘सात, फ, आठ’. तिन्ही बरोबर आले तर ठीक. चुकलं तर दुसरे तीन घ्या. सहापैकी तीनही बरोबर आले नाहीत तर त्या कानाची नीट तपासणी हवी. मुद्दाम साठ-आठ, सात-आत अशा जोड्या त्यात घाला, कुठली अक्षरं गळतात ते तुम्हालाच कळेल.

वेळेबद्दल थोडं. पुण्यात पहाटेची वेळ उत्तम, तुम्हाला ते आपोआप सापडलं. आतली खोली, पंखा बंद, फ्रिज दूर, कुकर आणि मिक्सर थांबलेला, पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत नसताना. आदल्या १४ ते १६ तासांत मोठा आवाज कानावर पडलेला नसावा. गणपतीत हे विशेष सांभाळा. एक ढोल वाजवणारा मुलगा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरी तपासणी करून घाबरून आला होता, दोन्ही कानांचे आकडे चाळिशीत. चार दिवसांनी आमच्या खोलीत तपासलं तेव्हा ४००० वरचा छोटा खड्डा सोडून बाकी जवळपास सगळं परत आलं होतं. परत येतं म्हणून इजा झालीच नाही असं मात्र नाही. दर वर्षी कान असे थकवत गेलं तर तो खड्डा हळूहळू कायमचा होतो. त्याला मी कानात घालायचे प्लग दिले आणि ताशाच्या थेट समोर उभा राहू नकोस असं सांगितलं.

तपासणी देताना बाबांना एकच गोष्ट समजावा: आवाज नीट, स्पष्ट येण्याची वाट बघायची नाही, आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. ज्येष्ठ माणसं चूक होऊ नये म्हणून खात्री होईपर्यंत थांबतात आणि आकडा उगाच १० ने वाढतो. फोन त्यांच्या हातात द्या, पण पडदा तुम्ही बघू नका, नाहीतर तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं. कानात कायम शिट्टी वाजत असेल तर तुटक-तुटक सूर देणारं अ‍ॅप निवडा, सलग सुराची शिट्टीशी गल्लत होते. मुलांसाठी यातलं काहीच वापरू नका. बाळ आवाजाला दचकत नाही किंवा उशिरा बोलतंय असं वाटलं तर सरळ ओएई आणि बेरा या, बाळाने स्वतः काही सांगायची गरज नसलेल्या, कानाच्या तपासण्या करून घ्या.

ताई, तुम्ही आता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात हे होतं, भारती विद्यापीठात ऑडिओलॉजीचं स्वतंत्र महाविद्यालय आहे, आणि तुमच्या भागातही खासगी डॉक्टर असतील. तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला संकोच करू नका. आधी दुर्बिणीने कान आणि पडदा बघतील, मळ असेल तर काढतील, मग ध्वनिरोधक खोलीत हवेतून आणि हाडातून अशी दोन्ही तपासणी, पडद्याच्या हालचालीची इम्पिडन्स, आणि शब्द समजण्याची तपासणी. हाडातून दिलेला सूर चांगला आणि हवेतून दिलेला वाईट कळला तर वाट कुठेतरी अडली आहे, दोन्ही सारखेच खाली असतील तर नस. या एका फरकावर पुढचं सगळं ठरतं आणि इअरबड तो दाखवू शकत नाही. छापील ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे पहाटेची घरची तपासणी दर सहा महिन्यांनी त्याच फोनवर, त्याच इअरबडने, त्याच खोलीत करा. दोन-तीन वेळा सलग आकडा १० किंवा जास्त वाढलेला दिसला तर डॉक्टरांना परत दाखवा.

तोवर जेवताना बाबांच्या उजव्या हाताला बसा, म्हणजे तुमचं बोलणं त्यांच्या चांगल्या कानावर पडेल. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका, समोर जाऊन बोला, ओरडू नका, शब्द थोडे सुटे करा. आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी डाव्या कानात तेल घालू नका, काडी किंवा कापूस लावलेली कांडी फिरवू नका. तेलाने माखलेला पडदा दुर्बिणीतून नीट दिसत नाही, आणि कांडीने मळ आणखी आत जातो. तीन निकालांचे फोटो, त्यांच्या वेळा, आणि ‘हूं’ कोणत्या बाजूला गेला ते एका कागदावर लिहून तेवढं बरोबर न्या.